प्रॉव्हिडन्स, ५० विरुद्ध ४९

न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्कहून ॲमट्रॅकच्या गाडीत बसलात तर उजवीकडची खिडकी धरा. न्यू हेवननंतर खाड्या लागतात, दलदलीतलं उंच गवत दिसतं आणि पाणी मधूनच रुळांना खेटून येतं. ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्सला उतरल्यावर स्टेट हाउसचा संगमरवरी घुमट लक्ष वेधून घेतो. मी मात्र डाउनटाउनच्या बाजूला वळले. मला १९७२ साली उघडलेलं सिव्हिक सेंटर हे क्रीडागृह पाहायचं होतं. त्याचं आताचं नाव ॲमिका म्युच्युअल पॅव्हिलियन.

१७ मार्च १९८९ च्या रात्री इथे एनसीएए या अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या पहिल्या फेरीत प्रिन्स्टन आणि जॉर्जटाउन या विद्यापीठांचे संघ समोरासमोर आले. जॉर्जटाउनला पहिलं मानांकन, प्रिन्स्टनला सोळावं, म्हणजे सगळ्यात खालचं. प्रिन्स्टन ज्यात खेळतं त्या जुन्या, नामवंत विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नसते. छोट्या लीगच्या विजेत्यांना या स्पर्धेत थेट प्रवेश कशाला द्यायचा, अशी कुरबूर तेव्हा चालू होती.

प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल हे पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेममधल्या पोलाद कामगाराचे चिरंजीव. उंची नाही, उडी नाही, तर घाई तरी कशाला करायची, असा त्यांचा हिशेब. पास, पुन्हा पास. बचाव करणारा चेंडू अडवायला पुढे झेपावला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धाव. या बॅकडोर कटपुढे जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांचा बलाढ्य संघ पहिल्या सत्रात भांबावून गेला. मध्यंतराला प्रिन्स्टन २९, जॉर्जटाउन २१!

मी त्याच सभागृहात प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या फ्रायर्स संघाचा सामना वरच्या रांगेतून पाहिला. तिथून पासांची जाळी स्पष्ट दिसते, आणि प्रिन्स्टनच्या पोरांनी बलाढ्य संघाला आपल्या चालीने चालायला लावलं म्हणजे नेमकं काय केलं, हे मला तिथे बसून कळलं.

त्या सामन्याच्या दुसऱ्या सत्रात जॉर्जटाउनचा अलोन्झो मोर्निंग हा पहिल्या वर्षाचा धिप्पाड सेंटर उभा ठाकला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याच्या फ्री थ्रोने जॉर्जटाउनचे ५०, प्रिन्स्टनचे ४९ झाले. मग प्रिन्स्टनच्या बॉब स्क्रॅबिसचा शॉट त्याने अडवला, आणि अखेरच्या क्षणी किट म्यूलरचाही. तो फाउल होता का, यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर होता.

छोट्या लीगच्या विजेत्यांचा थेट प्रवेश टिकला. सोळाव्या मानांकनाचा पुरुषांमधला पहिला विजय मात्र २०१८ साली आला, मेरीलँडमधल्या यूएमबीसी विद्यापीठाने पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ हरवलं तेव्हा. कॅरिल तोवर केव्हाच निवृत्त झाले होते. १९९६ मध्ये गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ नमवलं, तो प्रिन्स्टनचे प्रशिक्षक म्हणून त्यांचा शेवटचा विजय.

जायचं तर हिवाळ्यात, फ्रायर्सचे घरचे सामने असताना जा. आणि न्यू जर्सीत असाल तर आधी प्रिन्स्टन जंक्शनहून ‘डिंकी’ नावाची छोटी गाडी पकडून प्रिन्स्टनच्या संघाचं जॅडविन जिम पाहा. तिथल्या कोर्टला कॅरिल यांचं नाव आहे.