माझा अनुभव : स्ट्रॅटेजी गेमसाठी कीबोर्ड निवडला, सुधारला, आणि अडलो फक्त ‘४’ या कीवर

स्टारक्राफ्ट २ असो, ब्रूड वॉर, वॉरक्राफ्ट ३ किंवा एज ऑफ एम्पायर्स २, आकड्याची की एकदा दाबली की कंट्रोल ग्रुप (त्या आकड्याला आधी जोडून ठेवलेल्या तुकड्या किंवा इमारती) निवडला जातो आणि लागोपाठ दोनदा दाबली की कॅमेरा थेट त्या ग्रुपवर जातो. स्ट्रॅटेजी गेमच्या कीबोर्डबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. सिग्नल किती मिलिसेकंद आधी पोचतो यापेक्षा एकदा दाबलेली की एकदाच उमटते का, याला इथे कितीतरी जास्त किंमत आहे. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात वेगच छापलेला असतो.

वेगाचा हिशेब एकदा करून टाकू. स्टारक्राफ्ट २ चा ऑनलाइन सामना ‘फास्टर’ वेगाने चालतो. त्यात गेमचं चक्र सेकंदाला २२.४ वेळा फिरतं, म्हणजे साधारण ४५ मिलिसेकंदांनी एकदा. ब्रूड वॉरमध्ये ‘फास्टेस्ट’ वेगाला एक फ्रेम ४२ मिलिसेकंदांची. १००० हर्ट्झ पोलिंगचा (म्हणजे संगणकाला सेकंदाला १००० वेळा माहिती देणारा) कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला माहिती देतो, ८००० हर्ट्झचा दर ०.१२५ मिलिसेकंदाला. तुमचा हुकूम ४५ मिलिसेकंदांच्या चक्रावर लागू होणार असेल तर ही बचत कुठेच दिसत नाही. १००० हर्ट्झ पुरे, तो पैसा स्विचवर घाला.

आकाराबाबत माझं मत ठाम आहे: एफ-रांग हवीच. कॅमेऱ्याच्या जागा, म्हणजे नकाशावरची जतन केलेली ठिकाणं, एफ-कीजवर असतात, आणि ६० टक्के आकाराच्या कीबोर्डवर त्या एफएन दाबून मिळवाव्या लागतात. लढाई चालू असताना तिसरं बोट त्यासाठी मोकळं नसतं. ८७ कीजचा टीकेएल (नंबरपॅड नसलेला कीबोर्ड) उत्तम. नंबरपॅड नसल्यामुळे माउसला जागा मिळते, आणि आकड्यांची रांग व एफ-रांग यांच्यात मोकळी पट्टी असते, त्यामुळे २ दाबताना एफ२ लागून सगळी फौज निवडली जात नाही. ७५ टक्क्यांच्या बऱ्याच कीबोर्डवर ही पट्टी नसते, घेण्याआधी फोटो नीट बघा.

स्विच (प्रत्येक कीखालचं बटण) लिनिअर घ्या, म्हणजे दाबताना मध्ये खटका न लागणारे. चेरी एमएक्स ब्लूसारख्या क्लिकी स्विचमध्ये की जिथे लागते त्याच्यापेक्षा बरीच वर आल्याशिवाय ती सुटत नाही, त्यामुळे झटपट दोन टॅप मारताना दुसरा गिळला जातो. एमएक्स रेड ४५ सेंटिन्यूटनला आणि २ मिलिमीटरवर लागतो, स्पीड सिल्व्हर तेवढ्याच जोराला पण १.२ मिलिमीटरवर. सिल्व्हर शूटर गेमवाल्यांना आवडतो. स्ट्रॅटेजीत बोटं कीजवर सतत टेकलेली असतात, १.२ मिलिमीटरवर ती नकळत लागते. मी रेडच्या जातीचे स्विच ठेवले आणि फक्त १ ते ५ वर थोडी जड, ५५ ग्रॅमच्या आसपासची स्प्रिंग घातली. शेजारची की चुकून लागणं तिथेच सगळ्यात महाग पडतं.

अख्खा कीबोर्ड उघडून ल्यूब करायची, म्हणजे सगळ्या स्विचना आतून ग्रीस लावायची, गरज नाही. डावा हात १ ते ६, क्यू ते टी, ए ते जी, झेड ते व्ही, डावीकडचे कंट्रोल-शिफ्ट-आल्ट, टॅब आणि स्पेसबार एवढ्यातच फिरतो. पंचवीस स्विच झाले. क्रायटॉक्स २०५ ग्रेड ० हे ग्रीस आणि ०० नंबरचा ब्रश. खालच्या खोक्याच्या दोन्ही खाचा आणि स्टेमच्या (वर-खाली सरकणाऱ्या दांड्याच्या) बाजू यांवर इतका पातळ थर द्यायचा की पांढरा रंग दिसता कामा नये, फक्त ओलसर चकाकी दिसावी. धातूच्या पट्टीला, म्हणजे लीफला, ग्रीस लागू द्यायचं नाही. जास्त झालेलं ग्रीस स्टेमच्या पायांवरून सरकत संपर्काच्या टोकापर्यंत पोचतं आणि मग की कधी लागते, कधी लागत नाही. स्प्रिंगला ग्रीस नको, तेल लावा: पिशवीत सगळ्या स्प्रिंगा टाकून क्रायटॉक्स १०५ चे काही थेंब घालायचे आणि हलवायचं. फोम आणि मागच्या बाजूला टेप लावणं हे आवाजासाठी आहे, खेळाशी त्याचा संबंध नाही.

हे सगळं सुरळीत झालं. अडलं ते ‘४’ या कीवर.

लक्षण असं: ऐन चकमकीत ४ दाबावं, तर उत्पादनाच्या इमारती निवडल्या जाण्याऐवजी पडदा उडी मारून थेट बेसवर. परत येईपर्यंत फौज संपलेली. टायपिंगमध्ये हा दोष लपून राहतो, कारण लिहिताना ४ हा आकडा लागतोच किती? आणि तो दर वेळी होत नाही, हे त्याहून वाईट. याला चॅटर म्हणतात: एका दाबण्यात संपर्क तुटून पुन्हा जुळतो आणि कीबोर्ड त्याला दोन दाबणी समजतो.

सगळ्यात आधी वेळेची नोंद घ्या, अंदाज नको. लिनक्सवर इव्हटेस्ट हा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक घटनेसमोर वेळ छापतो: दाबलं की १, सोडलं की ०, आणि दाबून धरल्यावर आपोआप होणारी पुनरावृत्ती २. हा २ चॅटर समजू नका. बघायचं ते ० आणि त्यानंतरचा १ यांतलं अंतर. बोट कितीही चपळ असो, सोडून पुन्हा दाबायला त्याला काही दशक मिलिसेकंद लागतातच. ५-१० मिलिसेकंदांत आलेला १ माणसाचा नाही.

आता ही फट कुठे पडते यावरून कारण कळतं. दाबल्याच्या किंवा सोडल्याच्या लगेच आसपास पडत असेल तर तो धातूच्या पट्टीचा स्वाभाविक थरथराट आहे. चांगल्या स्विचमध्ये तो ५ मिलिसेकंदांच्या आत शमतो, आणि तो गाळायचं काम फर्मवेअरचं, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅमचं. पण की शांतपणे दाबून धरली असताना मध्येच ० येत असेल तर संपर्कच तुटतोय. ही चाचणी मी इतर सगळ्यांच्या आधी करायला सांगेन: की पूर्ण खाली धरायची आणि कीकॅप डावी-उजवी, पुढे-मागे हळू हलवायची. माझ्याकडे उजवीकडे रेटलं की नोंदीत ० यायचा, लगेच पुन्हा १.

मग स्विचची अदलाबदल. ४ चा स्विच ९ वर, ९ चा ४ वर. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच बदला, विषय संपला. काढलेल्या स्विचच्या दोन्ही पिना सरळ आहेत का तेही बघून घ्या, वाकलेली पिन अशीच लक्षणं देते आणि चिमट्याने सरळ होते. माझ्याकडे दोष ४ च्याच जागी राहिला. म्हणजे स्विच निर्दोष, दोष हॉट-स्वॅप सॉकेटमध्ये (सोल्डर न करता स्विच ज्यात खोचला जातो त्या खोबणीत) किंवा त्याच्या सोल्डरमध्ये.

वॉरंटी विभागाचा राग अजून गेलेला नाही. फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न, स्विच मूळ आहेत का. ‘नाही’ म्हटलं की अर्ज तिथेच अडतो. स्विच बदलता येतो हीच खासियत म्हणून कीबोर्ड विकायचा आणि स्विच बदलला म्हणून वॉरंटी अडवायची, हे मला मुळीच पटत नाही. म्हणून मूळ स्विच कधीही फेकू नका. अर्ज करण्याआधी तो त्या जागी परत बसवा, दोष कायम आहे हे बघा आणि नोंदीचा पडदा व बोट एकाच चौकटीत दिसतील असा व्हिडिओ घ्या. नोटपॅडमध्ये ‘४४’ उमटल्याचा व्हिडिओ मागतात, पण दोन ४ मधली वेळ त्यात दिसत नाही, त्यामुळे त्याने काहीच सिद्ध होत नाही. एवढं पाठवूनही उत्तर आलं, फर्मवेअर रीसेट करा. की हलवल्यावर दोष येतो असं लिहिल्यावर पुन्हा तेच उत्तर.

फर्मवेअरने ही गोष्ट का सुटत नाही ते समजून घ्या, म्हणजे त्या उत्तरावर वेळ जाणार नाही. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये डिबाउन्स, म्हणजे थरथराट गाळायची वेळ, मुळात ५ मिलिसेकंद असतो आणि त्याचा मूळ प्रकार ‘डिफर’ आहे: संपर्क तेवढा वेळ स्थिर राहिला तरच की मानायची. हा आकडा ३० केला तर संपर्कातले छोटे खंड झाकले जातात, पण प्रत्येक की तेवढी उशिरा लागते, आणि सैल सॉकेटमधला खंड ३० पेक्षा लांब असू शकतो. आकडा वाढवल्यावर माझ्याकडे दोष कमी झाला, गेला नाही, आणि तो कमी झाल्यामुळे शोधायला आणखी कठीण झाला. विंडोजच्या फिल्टर कीजमधलं ‘बाउन्स कीज’ (लागोपाठची तीच की दुर्लक्षित करणारं सेटिंग) तर मुळात अर्ध्या सेकंदाचं असतं. ते चालू केलंत तर चॅटरबरोबर तुमचा खरा डबल टॅपही जाईल.

शेवटी सोल्डर. केबल काढा, केस उघडा, पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) पालथा करा. सॉकेटच्या दोन्ही टोकांना धातूची पट्टी बोर्डावरच्या पॅडला जोडलेली असते. भिंगातून बघितलं तर खराब जोड मळकट, खडबडीत दिसतो किंवा पट्टीच्या कडेला बारीक चीर असते. ६३/३७ चं शिसंयुक्त सोल्डर असेल तर सोल्डरिंग आयर्न ३४० अंश सेल्सिअसच्या आसपास. जोडावर फ्लक्स, सॉकेट चिमट्याने बोर्डावर सपाट दाबून धरायचा, टोक एका वेळी पट्टी आणि पॅड दोघांनाही टेकवायचं, किंचित नवं सोल्डर द्यायचं, दोन-तीन सेकंदांत उचलायचं. जास्त वेळ धरलं तर सॉकेटचं प्लास्टिक वितळतं, त्याहून वाईट म्हणजे पॅड उचकटतो. सोल्डर थिजेपर्यंत चिमटा सोडायचा नाही. नंतर पुन्हा तीच हलवण्याची चाचणी. नोंदीत एकही ० आला नाही तेव्हा जो सुटल्याचा आनंद झाला तो कुठल्याही विजयाइतका होता.

हा जोड तुटतो कशाने? बहुतेक वेळा स्विच वरून जोरात दाबून बसवल्याने. केस उघडी असेल तेव्हा सॉकेटच्या बरोबर मागे बोटाचा आधार द्या, मग स्विच सरळ उभा दाबा. तिरका कधीच नाही.

दोष गेल्यावर डिबाउन्स पुन्हा खाली आणायचा, पण प्रकार बदलून: असिमेट्रिक, दाबताना ‘ईगर’ (लगेच) आणि सोडताना ‘डिफर’ (थांबून), प्रत्येक कीसाठी वेगळा. यात पहिल्या स्पर्शालाच की लागते, उशीर फक्त सोडण्याला. स्ट्रॅटेजीत जवळपास सगळे हुकूम दाबल्यावर सुटतात, त्यामुळे १० मिलिसेकंद ठेवले तरी खेळताना काहीच जाणवत नाही. घ्यायच्या आधीच कीबोर्ड क्यूएमके चालवतो का ते बघा, हे वर सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

चुंबकीय, हॉल इफेक्ट स्विचमध्ये धातूचा संपर्कच नसल्याने हा थरथराट नसतो. तेही चांगले, पण लागण्याचं अंतर १.५ ते २ मिलिमीटर ठेवा आणि आकड्यांच्या रांगेवर रॅपिड ट्रिगर (की जराशी वर आली की सुटली, जराशी खाली गेली की लागली असं मानणारी सोय) बंद करा. अगदी संवेदनशील ठेवला तर बोट किंचित हललं की की सुटून पुन्हा लागते, आणि नको असलेला डबल टॅप परत येतो.

आणखी काही. कॅप्स लॉकवर कंट्रोल आणा, करंगळी खाली मुडपावी लागत नाही. विंडोज कीची आणि १ च्या डावीकडच्या कीची कॅप काढूनच टाका. कीकॅप चेरी किंवा ओईएम प्रोफाइलच्या, रांगेगणिक उंची बदलणाऱ्या घ्या, न बघता रांग कळते. एका कीवर अनेक हुकमांचे मॅक्रो ठेवू नका, स्पर्धांमध्ये एक दाबणं म्हणजे एकच क्रिया असा नियम सर्रास असतो.

स्पर्धेच्या संगणकावर बसताना फर्मवेअरमधले बदल कीबोर्डबरोबर येतात, पण झर्ग (स्टारक्राफ्टमधली एक जमात) खेळणाऱ्यांना लागणारा की-रिपीट, म्हणजे की धरून ठेवल्यावर होणारी पुनरावृत्ती, येत नाही, तो विंडोजमध्ये असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्ड उघडून रिपीट डिले सगळ्यात कमी, म्हणजे २५० मिलिसेकंद, आणि रिपीट रेट सगळ्यात जास्त, सेकंदाला साधारण ३०, करून घ्या. हे काम सराव सामन्याच्या आधीच उरका, नंतर पंच सेटिंग उघडू देतीलच असं नाही.