आज दिवसभर नुसती घालमेल

सकाळपासून एक काम धड केलं नाहीये. आज रात्री २०२३ च्या रग्बी वर्ल्ड कपची फायनल, न्यूझीलंड विरुद्ध साऊथ आफ्रिका, दोघांकडे तीन-तीन कप, म्हणजे जो जिंकेल तो चौथा नेणारा पहिलाच ठरणार. मी पडलो स्प्रिंगबॉक्सवाला, म्हणजे साऊथ आफ्रिकेचा, त्यामुळे हाल विचारूच नका. क्वार्टरला फ्रान्सशी २९-२८, सेमीला इंग्लंडशी १६-१५, दोन्ही वेळा एकेका पॉइंटने वाचलोय, नशीब तरी किती ताणायचं? त्यात बेंचवर सात फॉरवर्ड (पुढचे धिप्पाड गडी) आणि बॅक (मागचा पळणारा) एकच! सेकंड हाफला ताज्या दमाचे पहिलवान स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमच्या रेटारेटीत, सोडायचे हे कळतं हो, पण मागे दोघंजण लंगडायला लागले तर काय करणार?? मित्र म्हणतो ऑगस्टमध्ये लंडनच्या ट्विकनहॅमला ३५-७ ने धुतलं की न्यूझीलंडला. अरे ती वॉर्म-अप मॅच होती बाबा, फायनलला तो हिशोब कोण धरतं.

दुपारी जुनी जर्सी इस्त्रीला घेतली, कॉलरची शिवण उसवलीये, दोरा लोंबतोय, पण मुद्दाम शिवली नाही कारण सेमीलाही तशीच होती. हसा खुशाल.

१९९५ ची फायनलही याच दोघांची, एक्स्ट्रा टाइममध्ये आपल्या स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर टेकवून मारलेली किक) आणि १५-१२, तो व्हिडिओ आज चारदा बघून झाला, दरवेळी बॉल पोस्टमधून जाईपर्यंत श्वास रोखलेलाच.

मॅच पॅरिसला ९ वाजता, अजून तीन तास. घड्याळ बंद पडलंय का बघून आलो, चालू आहे.