आमचीच यादी, आम्हालाच मिळेना

एकच पुस्तक वाचलेल्या दोन सभासदांची गाठ पडावी, एवढंच मला हवं होतं. आमच्या वाचनालयाचे बरेच सभासद साठीच्या पुढचे, पुस्तकं घरपोच मागवणारे. त्यांची भेट होणार कशी? म्हणून कुणी कोणतं पुस्तक नेलं याची नोंद ठेवणारं 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेली आणि २००० पासून वापरात असलेली ही प्रणाली फुकट मिळते. ती बसवणं, सभासद भरणं पटापट झालं.

अडलं ते पुस्तकांच्या यादीवर. यादी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ते विकणारा म्हणे, "एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपलीय, आधी ती भरा." नोंदी टाइप केल्या आमच्या ग्रंथपाल बाईंनी, आणि मागायला हात आम्हीच जोडायचे! फोन केला की "सर साइटवर आहेत". अखेर कार्यकारिणीचा ठराव करून स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. मग आलं काय, तर पीडीएफ! पुन्हा वादावादी. त्यानंतर एक्सेल आली, तीही जुन्या फाँटात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या लिपीच्या प्रमाण पद्धतीत, बदलली तर 'कविता'ची 'किवता' झाली. त्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. तुमच्या फाँटचं नेमकं नाव विचारणारा कन्व्हर्टरच घ्या, बाकीचे वेळ खातात. एवढं करूनही लेखकांची नावं हातानेच सारखी करावी लागली: कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख-नंबर, स्कॅन करून यादी नव्याने बनवू म्हणाल, तर जुन्या मराठी पुस्तकांवर तो नंबर नसतोच.

आता सभासदाच्या अर्जात एक चौकट आहे: 'वाचलेल्या पुस्तकावर बोलायला आवडेल'. होकार देणाऱ्या दोघांनी एकच पुस्तक नेलं की बाई त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जोडून देतात. हे काम मुद्दाम यंत्राकडे दिलं नाही. कुणाचं कुणाशी जमेल हे बाईंना बरोबर कळतं. एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि कॉलेजातली एक मुलगी ऐतिहासिक कादंबऱ्यांवरून अशी भांडतात की ऐकत राहावं.

हो, नंबर देण्याआधी दोघांना पुन्हा विचारा. काय काय वाचलं हे सगळ्यांनाच उघड करायचं नसतं. कोहात सभासदाला आपला वाचन-इतिहास पुसता येतो, ती सोय चालू ठेवा. आणि सॉफ्टवेअर विकत घेणार असाल तर करारातच लिहून घ्या: मागितल्याबरोबर यादी युनिकोडमध्ये, एक्सेल किंवा मार्क (ग्रंथालयांच्या नोंदींचा प्रमाण साचा) स्वरूपात, एएमसी असो वा नसो.