राजवाड्याजवळची शाळा आणि पटाचे गणित

साताऱ्याच्या राजवाडा परिसरातील प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरात 1914 या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. प्रवेशाची तारीख 7 नोव्हेंबर 1900, इयत्ता इंग्रजी पहिली. तेव्हा हे सरकारी हायस्कूल होते. छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव त्याला पुढे मिळाले. 2017 पासून राज्यभर 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी या रजिस्टराची छायाचित्रे सर्वत्र फिरतात.

त्या नोंदीमागचे शाळकरी आयुष्य मात्र फारसे सांगितले जात नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की वर्गात कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाट घरून आणून संध्याकाळी परत न्यावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. शाळेचे दार सरकारी नियमाने उघडे असले तरी आत गेल्यावर शिकू देणे ही वेगळी गोष्ट होती, आणि हा फरक आजही शिल्लक आहे असे मला वाटते.

गेल्या काही दशकांत सातारा शाहूपुरी, गोडोली, शाहूनगरकडे पसरला, ऐपत असलेल्यांची मुले इंग्रजी माध्यमाकडे वळली आणि जुन्या पेठांतील मराठी शाळांचा पट घसरत गेला. आता तेथे मुख्यतः हातावर पोट असलेल्यांची मुले येतात. माझी मोठी बहीण अशाच एका शाळेत गणित शिकवते. मे महिन्याच्या सुटीत तिचे अर्धे दिवस पटासाठी घरोघरी फिरण्यात जातात, कारण शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ठरवणाऱ्या सरकारी संचमान्यतेत पदे पटावरूनच ठरतात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक केल्यावर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, ते उगीच नव्हे.

त्यातही मूल वर्गात हजर असणे पुरेसे नाही. विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवर त्याचे आधार कार्ड वैध ठरावे लागते. ताईच्या टेबलावर मी एकदा अशा मुलांची यादी पाहिली होती. एकाच्या दाखल्यावर आणि आधारवर आडनाव वेगवेगळे, दुसऱ्याच्या जन्मतारखेत महिना चुकलेला, तिसऱ्याचे आईवडील कामासाठी जिल्ह्याबाहेर असल्यामुळे दुरुस्तीला कोणाला पाठवायचे हाच प्रश्न. दुरुस्ती वेळेत झाली नाही तर रोज पहिल्या बाकावर बसणारा मुलगा हिशेबात नसतोच. पट घटला की पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतो, मग विज्ञानही गणिताच्याच बाई शिकवतात आणि ते पाहून आणखी दोन पालक दाखला काढून नेतात. हे चक्र शिक्षकांच्या आळसामुळे सुरू झाले असे म्हणणाऱ्यांनी एकदा ती यादी पाहावी. (काही शिक्षक आळशी असतात, हे मात्र ताईही नाकारत नाही.)

माध्यमिक शाळेची सर्वांत अवघड जागा आठवी आणि नववी यांच्या मध्ये आहे. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. शालेय पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तकेही तेथेच थांबतात. नेमके त्याच वयात मुलगा गॅरेजमध्ये किंवा हॉटेलात चार पैसे मिळवू लागतो आणि मुलीवर धाकट्या भावंडांची जबाबदारी येते. नववीच्या वर्गात दुपारच्या सुटीनंतर काही बाके रिकामी असतात, त्याचे कारण ताईला वेगळे शोधावे लागत नाही.

विद्यार्थी दिनाच्या भाषणांना माझा विरोध नाही. पण नववी-दहावीला पोषण आहार आणि पुस्तके देणे आणि पदे ठरवताना पोर्टलऐवजी हजेरीपट मानणे, या दोन गोष्टी शासन निर्णयाने करता येण्याजोग्या आहेत. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्या झाल्या, तर ताईला सुटीत दारोदार फिरण्याऐवजी नववीच्या बीजगणिताची तयारी करता येईल.