आधी सिग्नल उतरवून घ्या, अर्थ नंतर लावू

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एक स्टोअररूम साफ करताना मॅग्नेटिक टेपचं एक रीळ सापडलं. लेबलवर हाताने लिहिलेलं होतं, बेल लॅब्सकडून आलेली ओरिजिनल युनिक्स, व्ही ४, फॉरमॅटसाठी मॅन्युअल बघा. ज्यांना जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं वेड आहे त्यांना ही बातमी किती मोठी होती ते वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. युनिक्स ही बेल लॅब्स या संशोधन संस्थेत बनलेली ऑपरेटिंग सिस्टिम, तिची चौथी एडिशन (व्ही ४) १९७३ ची, आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, असेंब्लीतून (मशीनच्या अगदी जवळच्या भाषेतून) काढून सी भाषेत लिहिलेली ही पहिली एडिशन. म्हणजे आज आपल्या फोनपासून सर्व्हरपर्यंत जे काही चालतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींची वाट जिथून फुटली ती जागा. आणि तरी तिचं मॅन्युअल आणि थोडाफार सोर्स कोड सोडला तर पूर्ण चालती सिस्टिम कुणाकडेच नव्हती.

डिसेंबरमध्ये ती टेप कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये नेली, तिथले क्युरेटर अल कॉसो यांनी ती वाचली, आणि काही दिवसांत लोक ती सिमएच नावाच्या एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) बूट करून बघत होते. मी पण केली. लॉगिन प्रॉम्प्ट आला तेव्हा अंगावर काटा आला हे खरंच सांगतो.

पण मला लिहायचंय ते टेप वाचली कशी त्याबद्दल, कारण या सगळ्या कामाचं मर्म तिथेच आहे असं माझं ठाम मत आहे. सरळ मार्ग म्हणजे जुना टेप ड्राइव्ह जोडायचा आणि तो जे बाइट देईल ते घ्यायचे. त्यांनी तसं केलंच नाही. रीड हेडच्या अॅम्प्लिफायरमधून निघणारा कच्चा अॅनालॉग सिग्नल, सगळ्या ट्रॅकचा एकदम, डिजिटाइझ करून मेमरीत ओतला आणि मग लेन शुस्टेक यांनी लिहिलेल्या प्रोग्रामने त्या लाटांमधून बिट शोधले. याचा फायदा असा की टेप एकदाच चालवावी लागते. इतकी जुनी टेप दुसऱ्यांदा चालेलच याची गॅरंटी कुणी देऊ शकत नाही, पण सिग्नल हातात असला की एखादा ब्लॉक आज नाही वाचता आला तर उद्या प्रोग्राम सुधारून परत प्रयत्न करता येतो.

फ्लॉपीच्या बाबतीत अगदी हेच. पीसीमधला फ्लॉपी कंट्रोलर तुम्हाला सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा एक तुकडा) बरोबर आहे किंवा एरर आहे एवढंच सांगतो, मधलं काही नाही. शिवाय त्याला फक्त स्वतःचा फॉरमॅट कळतो. अमिगा (एक जुना होम कॉम्प्युटर) त्याच डबल डेन्सिटी डिस्कवर ८८० केबी लिहायची जिथे पीसी ७२० लिहायचा, आणि जुन्या मॅकच्या ८०० केबीच्या ड्राइव्हमध्ये तर ट्रॅकप्रमाणे फिरण्याचा वेगच बदलायचा, त्यामुळे साध्या पीसीत ती डिस्क घातली की कोरी दिसते आणि विंडोज लगेच विचारतं, फॉरमॅट करू का. कितीतरी डिस्क या एका प्रश्नावर हो म्हटल्यामुळे गेल्या असतील.

म्हणून क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल असली छोटी बोर्डं. ती डिस्कवर काय लिहिलंय याच्या भानगडीत पडतच नाहीत. चुंबकाची दिशा कुठे कुठे पलटते आणि दोन पलटींमध्ये किती वेळ गेला तेवढं मोजून फाइलमध्ये ठेवतात, एकेका ट्रॅकचे अनेक फेरे. फॉरमॅट अमिगाचा का मॅकचा हे नंतर सॉफ्टवेअर ठरवतं. कॉपी प्रोटेक्शनवाल्या डिस्कसाठी तर दुसरा उपायच नाही, कारण काही कंपन्या मुद्दाम असे बिट टाकायच्या जे प्रत्येक वेळी वेगळे वाचले जातात आणि प्रोग्राम सुरू होताना तेच तपासायचा, वेगळे आले तर डिस्क खरी. साध्या सेक्टर इमेजमध्ये, म्हणजे एकेक सेक्टर वाचून केलेल्या डिस्कच्या कॉपीत, हे उतरतच नाही. बुरशी दिसली तर मात्र ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी साफ करा, नाहीतर एक डिस्क हेड खराब करते आणि ते हेड पुढच्या सगळ्या डिस्क खरवडतं. टेपचा त्रास वेगळा, तिच्यातला बाइंडर (चुंबकीय थर धरून ठेवणारा गोंद) दमट हवेतलं पाणी शोषून चिकट होतो, मग ती मंद आचेवर तासन् तास ‘बेक’ करतात, आणि तो परिणाम कायमचा नसतो म्हणून लगेच वाचून घ्यावी लागते. सगळ्या टेपना हे चालत नाही, कुठली आहे ते आधी ओळखा.

आता दुसरी गोष्ट, जी लोकांना पटवताना मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं. कागद फेकू नका! लोक डिस्क आणून देतात आणि खोका, मॅन्युअल, प्रिंटआउट रद्दीत घालून मोकळे होतात. युनिक्सच्या पहिल्या एडिशनचा कर्नल आज चालतो तो कागदामुळे. असेंब्ली कोडची एक छापील लिस्टिंग उरली होती, ती स्कॅन झाली आणि २००८ मध्ये वॉरन टूमी आणि युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या मंडळींनी ती परत टेक्स्टमध्ये आणून, चुका काढून, असेंबल करून (मशीनला चालवता येईल असा प्रोग्राम बनवून) बूट केली. पण नुसता कर्नल घेऊन करायचं काय, कमांड घेणारा शेल नाही, फाइलींची यादी दाखवणारा एलएस नाही. ते आलं युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांच्याकडच्या त्याच काळातल्या टेपवरून. म्हणजे अर्धी सिस्टिम कागदावर, अर्धी टेपवर, आणि दोन्ही कुणीतरी टाकून दिलं नाही म्हणून एकत्र आली. पीडीपी-७ या कॉम्प्युटरवरची त्याच्याही आधीची युनिक्स पण अशीच छापील पानांवरून उभी केली. म्हणून मी म्हणतो सोर्स कोड मिळाला की तिथे थांबायचं नाही, तो कुठल्या कंपायलरने, कुठल्या असेंबलरने बनायचा तेही शोधा, नाहीतर तो फक्त वाचायला उरतो. आणि लेबलचा फोटो काढा, प्रत्येकाचा. युटाच्या त्या टेपवर कुणी ते एवढंसं लिहिलं नसतं तर ती कचऱ्यात गेली असती की नाही तुम्हीच विचार करा.

आणखी एक, लायसन्स. व्ही ४ वाचल्यावर ती लगेच सगळ्यांसाठी नेटवर टाकता आली याचं कारण म्हणजे कॅल्डेरा या कंपनीने २००२ मध्येच जुन्या युनिक्स एडिशन मोकळ्या लायसन्सखाली दिल्या होत्या. मल्टिक्स या युनिक्सच्याही आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स २००७ मध्ये खुला झाला, शेवटचं खरं मशीन २००० मध्येच बंद पडलं होतं, आणि आज तीच सिस्टिम एम्युलेटरवर कुणालाही घरी चालवता येते. एमएस-डॉस ४ चा सोर्स २०२४ मध्ये आला. पण ज्या कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, परत विकल्या गेल्या, त्यांच्या सॉफ्टवेअरसाठी परवानगी मागायची तरी कुणाकडे? इमेज तयार असते आणि ती नेटवर टाकता येत नाही, याचा मला फार राग येतो. माझं म्हणणं एवढंच की परवानगीचं काय व्हायचं ते होवो, इमेज आत्ता काढून ठेवा, कारण कायदा बदलायला वेळ आहे, टेप-डिस्कवरच्या ऑक्साइडच्या थराला नाही.

सध्या माझ्याकडे एका ओळखीच्यांनी दिलेल्या क्यूआयसी (पाव इंची) टेप कार्ट्रिज आहेत, कुठल्यातरी युनिक्स वर्कस्टेशनचे बॅकअप असावेत असं लेबलांवरून वाटतंय. ड्राइव्हमधल्या रबरी रोलरचा चिकट लगदा झालाय, आणि कार्ट्रिजच्या आतला बेल्टही भरवशाचा राहत नाही. त्यामुळे आधी रोलर बदलायचा, मग कामाच्या नसलेल्या एखाद्या कार्ट्रिजवर ड्राइव्ह तपासायचा आणि त्यानंतरच या टेपना हात लावायचा. त्याच मशीनची इन्स्टॉलेशन मॅन्युअलं किंवा लायसन्सचे कागद कुणाच्या कपाटात पडले असतील तर कमेंटमध्ये सांगा, लेबलांचे फोटो खाली टाकतोय.