मूल घरी आले नाही, तरी मी बाळंतीण होते

१८ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी माझ्या लक्षात आले की दुपारपासून पोटात काहीच हालले नव्हते. पस्तिसावा आठवडा भरत आला होता, आणि पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणून पुण्याहून सांगलीला येऊन मला दहा दिवस झाले होते. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजायला डॉक्टरांनी शिकवले होते. दोन तासांत दहा मोजता आल्या पाहिजेत, असा त्यांचा हिशेब होता. त्या रात्री मी गुळाचा खडा खाल्ला, गार पाणी प्यायले, कुशीवर पडून राहिले, आणि दोन तासांत मला एकही हालचाल मोजता आली नाही. घरी आलेल्या एका आत्याने सांगितले की दिवस भरत आले की बाळाला जागा पुरत नाही, हालचाल मंदावतेच. ते खरे असावे अशी माझी इतकी इच्छा होती की मी ते खरे मानले आणि झोपले. दिवस भरत आले म्हणून बाळ हालायचे थांबत नाही आणि अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, हे मला फार उशिरा कळले, म्हणून ते इथे आधीच लिहून ठेवते.

सकाळी मिरजेच्या दवाखान्यात सिस्टरने पोटावर डॉप्लरचे यंत्र फिरवले. नेहमी ज्या जागी घोड्याच्या टापांसारखे ठोके ऐकू यायचे तिथे नुसती खरखर होती. ती जागा बदलत राहिली, मग काही न बोलता बाहेर गेली. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बाळाचे ठोके मिळत नाहीयेत." मिळत नाहीयेत म्हणजे अजून शोधता येतील, असा अर्थ मी क्षणभर घेतला होता, हे मला आजही आठवते.

मी म्हणाले की आत्ताच सिझेरियन करा. मूल गेले आहे हे कळल्यावर ते पोटात ठेवून आणखी एक रात्र काढायची ही कल्पनाच मला सहन होत नव्हती, आणि घरच्या सगळ्यांना माझे म्हणणे पटत होते. डॉक्टरांनी नकार दिला. माझ्या जिवाला धोका नसताना गर्भाशयावर छेद घेतला तर त्याचा व्रण पुढच्या प्रत्येक गरोदरपणात त्रास देऊ शकतो, त्यामुळे कळा आणून बाळंतपण करणेच योग्य, असे त्यांनी शांतपणे आणि दोनदा समजावून सांगितले. तेव्हा मला तो क्रूरपणा वाटला होता. आज मी त्यांची ऋणी आहे. त्या दिवशी एक गोळी दिली, मग गर्भाशयाचे तोंड मऊ होण्यासाठी दोन दिवस वाट पाहिली, आणि २१ तारखेला सकाळपासून कळांच्या गोळ्या सुरू केल्या. मधल्या दोन दिवसांत शेजारच्या खोलीत पेढे वाटले गेले, त्यातला एक पुडा चुकून आमच्याही दारात आला, आणि आईने तो हातात घेऊन "अभिनंदन" म्हटले. त्यानंतर माझ्या नवऱ्याने विनंती केली आणि आम्हाला वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डाजवळ, खोली मिळाली.

कळा जशा यायच्या तशाच आल्या. याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. मूल जिवंत नसेल तर देह काहीतरी सवलत देत असेल, असे मला कुठेतरी वाटत होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलगी झाली. खोलीत आवाज झाला नाही. वजन दोन किलो शंभर ग्रॅम.

"बघू नकोस, मग डोळ्यांसमोरून जाणार नाही," असे सासूबाई म्हणत होत्या, आणि त्या मायेनेच म्हणत होत्या. रात्रपाळीच्या सिस्टरने मात्र मला एकटीला विचारले, "ताई, बघायचंय का? मी पुसून, गुंडाळून आणते. घाई नाही." आजीच्या जुन्या इरकलीचे शिवलेले दुपटे बॅगेत होते, त्यात गुंडाळून तिने मुलीला माझ्या हातात दिले. नाक माझ्या वडिलांचे होते. केस भरपूर होते. ती खरेच माझ्या डोळ्यांसमोरून गेलेली नाही, आणि तेच मला हवे होते. सिस्टरने शाईच्या पॅडवर तिचे पाऊल टेकवून एका कोऱ्या कागदावर ठसा घेतला, फाइलमध्ये लावतात तसाच, आणि तो कागद घडी न घालता माझ्या नवऱ्याकडे दिला. आमच्याकडे तिची म्हणून तेवढी एकच वस्तू आहे.

त्या रात्री मी डॉक्टरांना विचारले की सोमवारी रात्रीच आले असते तर? बाळाच्या त्वचेवरून त्यांचा अंदाज असा होता की ठोके थांबून तेव्हाच बराच वेळ झाला असावा. हे त्यांनी मला दिलासा देण्यासाठी सांगितले की ते तसेच होते, याचा विचार मी बहुधा वर्षभर करत राहिले.

लहान मुलांना आमच्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा, माझे वडील आणि भाऊ कृष्णाघाटावर गेले. मी दवाखान्यातच होते. मीठ किती लागते हे कोणाला माहीत नव्हते आणि दुकानदाराला विचारायला जीभ रेटत नव्हती, म्हणून भावाने पाच किलो आणले, एवढेच मला नंतर कळले. माझ्या नवऱ्याने याबद्दल आजवर मला त्यापलीकडे काही सांगितलेले नाही. त्याला भेटणारा प्रत्येक जण "वहिनी कशा आहेत?" असे विचारत असे, तो कसा आहे, हे बहुतेकांना सुचलेच नाही. चार दिवसांनी तो कामावर रुजू झाला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे मी जागी झाले तेव्हा ब्लाउज ओला होता. दूध येणार हे मला कोणी सांगितलेच नव्हते. डॉक्टर त्या धांदलीत विसरले असावेत, घरच्यांच्या मनात आले नसावे, आणि मी स्वतः तर ते शक्यच नाही असे धरून चालले होते. छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण आली. आजीने मोगऱ्याच्या कळ्या मागवून फडक्यात बांधून दिल्या. दिवस मोगऱ्याचेच होते. दवाखान्यात फोन केल्यावर दूध थांबवणारी गोळी मिळाली, दर बारा तासांनी अर्धी अशी दोन दिवस. ही गोळी बाळंतपणानंतर पहिल्याच दिवशी देता येते. ज्या कोणावर ही वेळ येईल तिने, किंवा तिच्या माणसाने, डिस्चार्जच्या आधी ती स्वतःहून मागावी.

बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई दोन महिने आधी ठरवून ठेवलेली होती. आईने तिला निरोप पाठवला की येऊ नकोस. ती तरीही सहाव्या दिवशी तेलाची बाटली घेऊन दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "पोर नसलं म्हून काय झालं, बाळंतीण हाय की ती." त्यानंतर सव्वा महिना ती रोज आली. अंगाला तेल, पोटाला पंचा, शेगडीचा शेक, धुरी, सगळे तिने रीतसर केले. अळिवाचे लाडू दूध वाढवतात म्हणून तेवढे वगळले, डिंकाचे मात्र खाल्ले. मला भेटायला येणारी शिकलेली माणसे "पहिलंच आहे, होईल दुसरं" किंवा "लळा लागायच्या आत गेलं, त्यातल्या त्यात बरं" असे बोलत असताना, माझ्या बाबतीत नेमके काय घडले आहे हे तिला एकटीलाच समजले होते असे मला वाटते. माझे बाळंतपण झाले होते. टाके, रक्तस्राव, दूध, कंबर, सगळे त्याची साक्ष देत होते, आणि बाकी सारे जण ते एखाद्या अपघातासारखे विसरायला सांगत होते.

कागदोपत्रीही तेच. अठ्ठावीस आठवड्यांनंतर असे मूल जन्मले तर त्याची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते आणि जन्म व मृत्यू यांहून वेगळी, "मृत जन्म" या नावाने होते. ती दवाखान्याने केली. माझा नवरा दाखला मागायला गेला तेव्हा कारकुनाने अवघडून सांगितले की जन्माचा दाखला मिळणार नाही आणि मृत्यूचाही नाही. त्या नमुन्यात आईचे वय, तिचे शिक्षण, किती आठवडे झाले होते, कारण काय, इतके सगळे विचारलेले असते. मुलाच्या नावासाठी रकाना नसतो. आम्ही नाव ठरवले होते. ते मी इथेही लिहीत नाही.

पुण्याहून माझ्या कंपनीच्या एचआर विभागाने दोन ओळींचे सांत्वन आणि तिसऱ्या ओळीत सूचना पाठवली: गर्भपाताच्या नियमाप्रमाणे सहा आठवड्यांची रजा, म्हणजे जूनच्या सुरुवातीला हजर व्हावे. मी जवळजवळ होकार कळवला होता, कारण भांडण्याचे त्राण नव्हते आणि मूल नसताना बाळंतपणाची रजा मागणे मलाच चोरीसारखे वाटत होते. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीने थांबवले. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात गर्भपात म्हणजे सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचा, असे स्पष्ट म्हटलेले आहे. आणि त्याच्या तिसऱ्या कलमात "मूल" या शब्दाची व्याख्या देताना त्यात मृत जन्मलेले मूलही येते, असे लिहिले आहे. म्हणजे २०१७ च्या दुरुस्तीनंतर मिळणारी सव्वीस आठवड्यांची पूर्ण रजा माझी होती. मी ते वाक्य अर्जात जसेच्या तसे उतरवले आणि डिस्चार्ज कार्ड जोडले. आठ दिवसांनी मंजुरी आली, दिलगिरी आली नाही. रजा मला हवीच होती, पण खरे सांगायचे तर "मूल" हा शब्द सरकारी भाषेत का होईना तिच्यासाठी वापरलेला पाहून मी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडले.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. शवविच्छेदनाला आम्ही तयार झालो नाही, वार मात्र तपासायला पाठवली. वारेच्या काही भागांचा रक्तपुरवठा बंद पडल्याचे अहवालात आले. रक्त गोठण्याशी संबंधित एक चाचणी काठावर होती, ती बारा आठवड्यांनी पुन्हा करायची असते. केली तेव्हा ती सामान्य आली. कारण हेच असे कोणीही ठामपणे म्हणाले नाही.

दसरा झाल्यावर, १० ऑक्टोबरला, मी कामावर गेले. पुढच्या वर्षी पुन्हा विचार करावा का हे विचारायला पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा आधी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने माझी माहिती घेतली. तिने केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिले: जी १, पी १, एल ०. मी विचारले की हे काय. ती जराशी चाचरली, मग बोट ठेवून एकेक सांगू लागली, "जी म्हणजे किती वेळा दिवस राहिले. एल म्हणजे हयात मुलं."

"आणि पी?"

"बाळंतपणं," ती म्हणाली. "तुमचं एक झालंय."