चिमणीतून धूर दिसत नाही, मग मोजता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तारापूरच्या अणुवीज केंद्राची उंच चिमणी पाहिली की बहुतेकांना हाच प्रश्न पडतो: धूर तर दिसत नाही, मग यातून बाहेर काय पडतं आणि ते कळतं कसं?

केंद्रात या चिमणीला स्टॅक म्हणतात. इमारतींमधली हवा पंख्यांनी ओढून, हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) गाळून स्टॅकने वर सोडतात. गाळल्यावरही तिच्यात थोडा किरणोत्सार उरतो, आणि तो चार रूपांत असतो: क्रिप्टॉन-झेनॉनसारखे निष्क्रिय वायू, आयोडीन-131, सीझियम-कोबाल्टचे सूक्ष्म कण आणि ट्रिटियमची (किरणोत्सारी हायड्रोजनची) वाफ. तारापूरची 3 आणि 4 ही 540 मेगावॉटची युनिटं जड पाण्यावर चालतात, त्यामुळे तिथे ट्रिटियमचा हिशेब मोठा. 1969 पासूनची 1 आणि 2 ही साध्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांची, तिथे निष्क्रिय वायूंवर जास्त लक्ष. या चौघांना एकच यंत्र पकडू शकत नाही.

म्हणून स्टॅकमधून सतत थोडी हवा बारीक नळीने बाजूला ओढतात. आधी काचतंतूंचा फिल्टर पेपर, त्यावर कण अडकतात. मग कोळशाचं कार्ट्रिज. साध्या कोळशाला मिथाइल आयोडाइड हे आयोडीनचं वायुरूप संयुग नीट धरता येत नाही, म्हणून त्यावर टीईडीए नावाच्या रसायनाचा लेप असतो. त्यापुढे शिशाच्या जाड कवचात वायूचा कक्ष, त्यात बीटा किरण (अणूतून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉन) मोजणारा प्लास्टिक सिंटिलेटर, म्हणजे किरण आदळला की चमकणारा पदार्थ. ट्रिटियमची वाट वेगळी. त्याचा बीटा इतका दुबळा, जास्तीत जास्त 18.6 केईव्ही (किरणाच्या ऊर्जेचं एकक), की काही मिलिमीटर हवेतच थांबतो. म्हणून हवेतली वाफ पाण्याच्या बबलरमध्ये किंवा सिलिका जेलमध्ये धरून ते पाणी प्रयोगशाळेत लिक्विड सिंटिलेशन काउंटरवर मोजतात.

हिशेब सोपा आहे. हवेतलं प्रमाण गुणिले स्टॅकमधला प्रवाह. प्रति घनमीटर 3 किलोबेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) आणि प्रवाह सेकंदाला 50 घनमीटर धरला, तर सेकंदाला 150 किलोबेकरेल, म्हणजे दिवसाला सुमारे 13 गिगाबेकरेल. गुणाकारात कुणी सहसा चुकत नाही. चूक होते ती नळीत, आणि माझ्या मते सगळी तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

नळीला वळणं जास्त असली की जड कण वळणावरच चिकटतात आणि फिल्टरपर्यंत पोचतच नाहीत. आयोडीन तर धातूच्या भिंतीवरही बसतं. पावसाळ्यात स्टॅकची हवा दमट आणि मॉनिटरची खोली एसीने गार, मग नळीच्या आत पाणी सुटतं. त्यात ट्रिटियम राहून जातं, फिल्टर भिजतो. म्हणून नळीवर तापवणारी वायर गुंडाळलेली असते. ती बंद पडली तर आकडा खाली येतो आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. गळतीचंही तसंच. पंप शेवटी असल्यामुळे नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. कार्ट्रिजचं रबरी गास्केट नीट बसलं नाही तर खोलीतली स्वच्छ हवा आत शिरते आणि नमुना पातळ होतो. फिल्टर तुंबून आतला दाब पाचव्या हिश्शाने उतरला, तर रोटामीटर (प्रवाह मोजणारं उपकरण) दाखवतो त्याहून खरा प्रवाह सुमारे 10 टक्के कमी असतो. बहुतेक बिघाड असा आकडा कमी दाखवणारा असतो. खोटा अलार्म परवडला. खोटी शांतता नाही.

आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. काढल्याकाढल्या फिल्टर मोजला तर रेडॉनची पिल्लं मोजली जातात, म्हणजे हवेत नैसर्गिकरीत्या असणाऱ्या रेडॉन वायूच्या क्षयातून झालेले किरणोत्सारी अणू. शिसं-214 चं अर्धआयुष्य 27 मिनिटं, बिस्मथ-214 चं 20, म्हणजे काही तासांत ती निपटतात. पण थोरॉनच्या (रेडॉनचाच एक प्रकार) शिसं-212 ला 10.6 तास लागतात, म्हणून तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजायचं आणि मगच गॅमा स्पेक्ट्रमवर (गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या आलेखावर) 662 केईव्हीची सीझियमची रेघ आहे का ते पाहायचं. आयोडीनचं कार्ट्रिज मात्र थांबवून ठेवायचं नाही. 8 दिवसांच्या अर्धआयुष्यामुळे आठवडाभर सारख्या वेगाने जमलेल्या आयोडीनपैकी सुमारे पाव हिस्सा कार्ट्रिज काढेपर्यंतच संपलेला असतो. ती दुरुस्ती गणितात न धरणं ही नवख्यांची हमखास चूक.

अपघातात काय होतं, हे मार्च 1979 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसलं. स्टॅकचा मॉनिटर कमाल आकड्याच्या पलीकडे गेला आणि बाहेर नेमकं किती गेलं ते कुंपणाबाहेर लावलेल्या डोसिमीटरवरून (किरणोत्साराची मात्रा नोंदणारी उपकरणं) उलटं काढावं लागलं. कोळशाने झेनॉनही शोषला, त्यामुळे आयोडीन फुगवून दिसलं. झेनॉन लाखो क्युरी (किरणोत्साराचं जुनं, मोठं एकक) गेला होता, आयोडीन जेमतेम 15 च्या आसपास. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या पल्ल्याचा वेगळा मॉनिटर सक्तीचा झाला, आणि झेनॉन जवळजवळ न धरणारं सिल्व्हर झिओलाइटचं (चांदी भरलेल्या सच्छिद्र खनिजाचं) कार्ट्रिज आलं.

स्टॅकच्या आकड्याची खातरजमा बाहेरूनही होते. आपल्याकडे प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते; ती आसपासची हवा, पाणी, माती, दूध, मासे तपासते. सामान्य माणसाला होणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेची मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे. अहवालात 'मापनमर्यादेपेक्षा कमी' असं दिसलं तर त्याचा अर्थ शून्य नव्हे; यंत्राला दिसेल इतकं नव्हतं, एवढंच. ती मापनमर्यादा किती बेकरेल, हवा किती घनमीटर ओढली आणि नमुना किती वेळ मोजला, ही तीन माहिती मागा. दहा मिनिटं मोजलेला 'कमी' आणि रात्रभर मोजलेला 'कमी' यांत फार अंतर आहे.